चार राष्ट्रपती आणि एक पोलादनगरी

भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली ती एका राष्ट्रपतींच्या हस्ते. तारीख ४ फेब्रुवारी १९५९, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद. सोव्हिएत संघाशी करार होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती आणि दुर्ग जिल्ह्यातल्या भातखाचरांच्या जागी दहा लाख टन पोलादाचा कारखाना उभा राहत होता. त्याला लागणारे लोहखनिज दक्षिणेला दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून यायचे. भट्टी सरकारची, डोंगर सरकारचा. पण राजहऱ्याच्या हातखाणींत घण घालून दगड फोडणारे आणि पाट्या वाहणारे स्त्री-पुरुष ठेकेदाराचे. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नव्हते.

नागपूरहून गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव करत गाडी दुर्गला पोचते आणि पुढच्या काही मिनिटांत भिलाई येते. आपल्या विदर्भाचा हा शेजार जुना आहे. छत्तीसगड १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, आणि पुढे १९५६ पर्यंत दुर्गचा माणूस दाद मागायला नागपूरच्या उच्च न्यायालयात येत असे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्ये नव्याने आखली गेली आणि त्याची वाट जबलपूरकडे वळली. जबलपूर हे नाव पुढे या हकिकतीत पुन्हा येणार आहे, फार वाईट कारणाने.

राष्ट्रपतींच्या हातात नेमके काय असते, हा प्रश्न खुद्द राजेंद्रबाबूंना पडला होता. नोव्हेंबर १९६० मध्ये दिल्लीत भारतीय विधी संस्थेच्या इमारतीच्या पायाभरणीला बोलताना त्यांनी कायदेपंडितांना जाहीरपणे सुचवले की, आपला राष्ट्रपती इंग्लंडच्या राजासारखा आहे असे धरून चालू नका, त्याच्या अधिकारांचा नीट अभ्यास करा. अभ्यास झाला, उत्तर मात्र त्यांना हवे होते तसे निघाले नाही. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, त्यांच्या नावाने राज्य चालते आणि चालवणारे दुसरे असतात, हेच मत पक्के झाले.

आपल्या राज्यघटनेत अनुच्छेद ३६१ आहे. पदाच्या अधिकारात केलेल्या कृतीबद्दल राष्ट्रपती कोणत्याही न्यायालयाला उत्तर देणे लागत नाहीत. पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी खटला चालत नाही. पण हे कवच घटनाकारांनी मोजूनमापून बेतले होते. ते माणसाला आहे, त्याच्या सहीने निघालेल्या आदेशाला नाही. भारत सरकारवर दावा लावायला वाट मोकळी आहे, आणि राष्ट्रपतींवर महाभियोग चालवायला संसद आहे.

आणखी एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. माणसाला तुरुंगात घालताना 'योग्य प्रक्रिया' पाळली पाहिजे, असे अमेरिकी धर्तीचे शब्द घटनेच्या मसुद्यात होते. ते गळले आणि त्यांच्या जागी 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' असे सपक शब्द आले. घटना समितीत त्यावरून मोठी नाराजी झाली. तेव्हा डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये भरपाई म्हणून एक नवे कलम आणले, आजचा अनुच्छेद २२. अटक केलेल्या माणसाला कारण सांगा, त्याला वकील भेटू द्या आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. त्याच कलमाने प्रतिबंधक स्थानबद्धतेला वाव ठेवला, हे खरे, आणि ते मला नेहमी टोचत आले आहे. तरीही राजहऱ्यात त्या चोवीस तासांचे मोल काय, हे पुढे दिसले.

या हकिकतीतले दुसरे राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद. २५ जून १९७५ च्या रात्री त्यांनी आणीबाणीच्या उद्घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ती दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. भिलाई-रायपूरच्या माणसाच्या दृष्टीने अधिक जिव्हारी लागणारी सही दोन दिवसांनंतरची आहे. २७ जूनला अनुच्छेद ३५९ खाली राष्ट्रपतींचा आदेश निघाला: समानतेचा, जीविताचा आणि अटकेविरुद्धच्या संरक्षणाचा हक्क बजावून घेण्यासाठी न्यायालयात जाण्याची मुभा स्थगित. हक्क कागदावर राहिले, दरवाजा तेवढा बंद झाला. त्याच आठवड्यात प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या 'मिसा' कायद्यात दुरुस्ती करून स्थानबद्धाला अटकेची कारणे सांगण्याची गरजही काढून टाकण्यात आली.

हे प्रत्यक्षात कसे चाले, ते पाहावे. जिल्हा कचेरीत छापील नमुना असे. त्यात नाव भरायचे आणि जिल्हादंडाधिकाऱ्याने सही करायची. दिल्लीची सही वरून दरवाजा लावते, जिल्ह्याची सही खाली माणूस आत टाकते. या दोन सह्यांच्या मध्ये विचारणारा कोणी उरला नाही. देशभर मिसाखाली सुमारे ३५ हजार माणसे अशी आत गेली. त्यांत छत्तीसगडमधला एक तिशीतला माणूस होता. एके काळी भिलाईच्या कोक ओव्हन विभागात नोकरीला असलेला, कामगारांना संघटित केल्याबद्दल नोकरी गमावलेला, मग गावोगाव भटकून दानीटोल्याच्या गारगोटीच्या खाणीत मजूर झालेला आणि तिथेच एका खाणमजूर स्त्रीशी लग्न करून राहिलेला. शंकर गुहा नियोगी हे त्याने स्वीकारलेले नाव.

स्थानबद्धांनी उच्च न्यायालयांत अर्ज केले. सरकारचे म्हणणे एकच, की राष्ट्रपतींचा आदेश आहे, तेव्हा ऐकूच नका. आणि इथे एक गोष्ट घडली जिचा आपण पुरेसा अभिमान बाळगत नाही. नऊ उच्च न्यायालयांनी सरकारचे म्हणणे फेटाळले. त्यांत जबलपूरचे मध्य प्रदेश उच्च न्यायालय होते आणि मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. हक्कावर बोट ठेवता येत नसेल तर नसू दे, पण आदेश मिसा कायद्याला तरी धरून आहे का, सही अधिकाऱ्यानेच केली आहे का, एकाऐवजी दुसऱ्यालाच तर पकडले नाही ना, एवढे तरी आम्ही तपासणार, अशी त्यांची भूमिका होती. आणीबाणीच्या काळोखात, बदल्यांची टांगती तलवार डोक्यावर असताना, दिल्लीपासून दूरच्या न्यायाधीशांनी हे लिहिले.

सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले. अपिलाचे नाव पडले 'अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल'. स्थानबद्धांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत शांती भूषण, सोली सोराबजी आणि आपले वि. म. तारकुंडे होते. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले की, जीविताचा हक्कही या आदेशात आहे. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने खासगी वैरातून कोणाला ठार मारले, तर काही उपाय आहे का? डे यांनी उत्तर दिले की, आपल्या युक्तिवादाशी प्रामाणिक राहायचे तर आणीबाणी असेपर्यंत उपाय नाही. त्या दालनात हे ऐकून घेतले गेले.

२८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला: चार विरुद्ध एक, सरकारच्या बाजूने. चौघांत न्या. यशवंतराव चंद्रचूड होते, पुण्याच्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे. न्या. बेग यांनी तर स्थानबद्धांची सरकार आईच्या मायेने काळजी घेत असल्याचे लिहिले. एकटे खन्ना विरोधात गेले. जीविताचे स्वातंत्र्य ही घटनेने दिलेली देणगी नव्हे, घटना नसतानाही कायद्याच्या राज्यात ते असतेच, असे त्यांचे म्हणणे. निकालाआधी हरिद्वारला गंगेकाठी त्यांनी बहिणीला सांगितले होते की, या निकालपत्रापायी आपले सरन्यायाधीशपद जाईल. ते गेलेच. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांना नेमले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

याच काळातले एक विधेयक आज फारसे कोणाला आठवत नाही. ऑगस्ट १९७५ मध्ये राज्यसभेने एक घटनादुरुस्ती संमत केली होती. राष्ट्रपती, पंतप्रधान किंवा राज्यपाल झालेल्या व्यक्तीवर, पदावर येण्यापूर्वी किंवा पदावर असताना केलेल्या कृत्याबद्दल, कधीही फौजदारी खटला चालणार नाही, अशी ती तरतूद. अनुच्छेद ३६१ चे मोजके कवच काढून जन्मभराचे चिलखत चढवण्याचा हा बेत होता. विधेयक लोकसभेत आणलेच गेले नाही. पण त्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात: सामान्य माणसाला आत टाकल्यावर न्यायालयाचा दरवाजा बंद, आणि सर्वोच्च पदस्थाला आत टाकण्याचा दरवाजाही बंद. एकाच मनाने काढलेली ही दोन टोके आहेत.

आता तिसरे राष्ट्रपती, तेही हंगामी. फेब्रुवारी १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद पदावर असतानाच वारले आणि उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती त्यांचे काम पाहू लागले. जत्ती पटवर्धनांच्या जमखंडीचे. त्या संस्थानाचे दिवाणपदही त्यांनी सांभाळले होते. मार्चमध्ये जनता पक्ष निवडून आला, आणीबाणी उठली. नव्या सरकारने काँग्रेसची सत्ता असलेल्या नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करायचे ठरवले. जत्ती सही करताना थबकले. सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचे दावे आदल्या दिवशीच फेटाळलेले होते, मंत्रिमंडळाचा आग्रह होता. अखेर ३० एप्रिलला त्यांनी सही केली. त्या नऊ राज्यांत मध्य प्रदेश होता. म्हणून जून १९७७ मध्ये भिलाई आणि राजहरा राष्ट्रपती राजवटीखाली होते.

राजहऱ्यात त्या वसंतात काहीतरी उकळत होते. कायम कामगारांना ३०८ रुपये बोनस आणि ठेक्याच्या मजुरांना ७०, असा करार जुन्या संघटनांनी केला होता. ३ मार्चला हजारो मजूर त्या संघटना सोडून बाहेर पडले. तुरुंगातून सुटलेल्या नियोगींना त्यांनी बोलावून घेतले आणि छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा राहिला, लाल-हिरव्या झेंड्याचा. लाल कामगारांचा, हिरवा शेतकऱ्यांचा. मागण्या ऐकल्या तर गहिवरून येते. काम नसलेल्या दिवसाची थोडी मजुरी, आणि पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला बांस-बल्लीचे १०० रुपये. मेअखेर करार झाला. दुसऱ्या दिवशी ठेकेदारांनी पैसे द्यायला नकार दिला.

२ जूनच्या रात्री पोलिसांच्या जीपगाड्या संघटनेच्या झोपडीपाशी आल्या आणि नियोगींना उचलून निघून गेल्या. नेले कुठे, कोणत्या आरोपाखाली, कोणापुढे उभे करणार, वस्तीला कोणी काही सांगितले नाही. आणीबाणी उठली होती. अनुच्छेद २२ पुन्हा जिवंत होता. मिसाच्या दिवसांत माणसे अशीच नाहीशी होताना लोकांनी पाहिली होती, तेव्हा त्यांनी मागे राहिलेल्या पोलिसांना घेरले आणि म्हणाले, आमचा माणूस आणा, मग जा. त्या रात्री गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी, ३ जूनला, जादा कुमक आल्यावर पुन्हा झाला. ११ माणसे मेली. त्यांत अनुसूयाबाई होती, खाणीत काम करणारी. एक पोरगाही होता.

मी या प्रसंगाकडे वारंवार परत येतो. त्या रात्री कोणा अधिकाऱ्याने चार शब्द बोलून सांगितले असते की, हा अमुक गुन्हा आहे, उद्या अमुक न्यायालयात उभे करतो, तुमचा वकील पाठवा, तर? कायदा एवढेच सांगत होता. ही कार्यपद्धती वकिलांच्या सोयीसाठी नसते. अंधारात आपला माणूस नेला गेल्यावर बायाबापड्यांनी जीपपुढे आडवे पडू नये, म्हणून ती असते. दिल्लीत तेव्हा लोकशाही परत आल्याचा आनंद होता. राजहऱ्यात राष्ट्रपतींच्या नावाने राज्य चालू होते आणि त्या नावाची राजहऱ्याला ही ओळख झाली.

पुढच्या वर्षी संसदेने ४४ वी घटनादुरुस्ती केली. जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे तीत लिहिले. 'अंतर्गत अशांतता' हे सैल कारण काढून 'सशस्त्र उठाव' घातले. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवणे बंधनकारक केले. राष्ट्रपतींनाही एक छोटा अधिकार मिळाला, मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा. खन्नांचे अल्पमत असे मागच्या दाराने घटनेत आले.

चौथे राष्ट्रपती रामस्वामी वेंकटरामन. १९९० पासून नियोगींनी राजहरा सोडून भिलाईत मुक्काम केला होता, कारखान्याभोवती वाढलेल्या खासगी उद्योगांतल्या ठेका कामगारांसाठी. 'जीने लायक वेतन' आणि कायम नोकरी मागणाऱ्या हजारोंना कामावरून काढले गेले होते. फेब्रुवारी १९९१ मध्ये जुन्या खटल्यांच्या निमित्ताने नियोगींना अटक झाली; एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या जामिनावर ते सुटले. मग जिलाबदरीची कारवाई सुरू झाली. आपल्याकडे तडीपारी म्हणतात ती हीच. गुंडांसाठी केलेला कायदा कामगार नेत्याला लावला गेला. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने तिलाही स्थगिती दिली. आणीबाणीत ज्या न्यायालयाचा दरवाजा राष्ट्रपतींच्या आदेशाने लावला होता, तोच आता या माणसाला दोनदा उघडा मिळाला.

सप्टेंबरमध्ये नियोगी शेकडो कामगारांना घेऊन दिल्लीला गेले. धरणे धरले, पुढाऱ्यांना भेटले आणि राष्ट्रपती भवनात वेंकटरामन यांना निवेदन दिले. मागणी नव्या कायद्याची नव्हती, असलेला पाळा एवढीच. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा. त्यावर मान्यतेची सही राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांची, जे स्वतः आयुष्यभर कामगार चळवळीत वावरले होते. वेंकटरामन हेही एके काळी कामगार कायद्याचे वकील. निवेदन योग्य माणसाच्या हातात पडले होते, आणि त्या माणसाच्या हातात काही नव्हते. राष्ट्रपतींनी ते सरकारकडे धाडावे, सरकारने राज्याकडे, राज्याने जिल्ह्याकडे. एक सही देशातल्या सगळ्या न्यायालयांचे दरवाजे लावू शकली होती. त्याच पदावरच्या माणसाला भिलाईच्या एका कारखान्याचे फाटक उघडायला लावण्याचा अधिकार नव्हता. असा अधिकार त्यांना असावा, असे मी म्हणत नाही. तो असता तर पहिल्या सहीला आणखी धार आली असती. पण आशेने दिल्लीला गेलेल्या त्या कामगारांच्या परतीच्या गाडीचा विचार मला अस्वस्थ करतो.

दोन आठवडेही झाले नव्हते. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे, भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या घरात झोपलेल्या नियोगींवर खिडकीतून गोळ्या झाडल्या गेल्या. वय ४८. आपल्या जिवाला धोका आहे, हे त्यांनी एका ध्वनिफितीत बोलून ठेवले होते.

१ जुलै १९९२ ला त्याच मागण्यांसाठी कामगार बायकामुलांसह भिलाई पॉवर हाउस स्थानकात रुळांवर बसले. मुंबई-हावडा मार्ग दिवसभर बंद राहिला. संध्याकाळी गोळीबार झाला. १६ कामगार मेले, एक पोलीस उपनिरीक्षकही मारला गेला.

खुनाचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाने केला. १९९७ मध्ये दुर्गच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवले. गोळी झाडणाऱ्याला फाशी आणि दोन उद्योगपतींसह पाच जणांना जन्मठेप. पुढच्या वर्षी जबलपूरच्या उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले. २० जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली आणि बाकीच्यांची सुटका कायम ठेवली. कटाचा पुरावा पुरेसा नाही म्हणून. नियोगींवर प्रेम करणाऱ्यांना हा निकाल फार लागला, आणि मलाही तो शांतपणे वाचवत नाही. पण इतकी पाने मी ज्या कार्यपद्धतीची बाजू घेतली, ती हीच. ती नियोगींना जामीन देते आणि पुराव्यात खोट राहिली की आरोपीलाही सोडते. पुरावा जमवणे सरकारचे काम असते. ते कमी पडले, तर न्यायाधीशाने आपल्या संतापाने ती उणीव भरून काढावी, असे मला म्हणता येणार नाही. म्हणावेसे वाटते, तरी.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयतेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यातला आपला १९७६ चा निकाल रद्दबातल ठरवला. तसे लिहिणारे न्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. मुलाने वडिलांचे निकालपत्र गंभीर चुकीचे म्हणून बाजूला काढले आणि खन्नांचे म्हणणे खरे मानले. ४१ वर्षे लागली. तिकडे अमेरिकेत १ जुलै २०२४ ला, भिलाईच्या गोळीबाराच्या वर्षदिनीच, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्षांना पदाच्या अधिकारात केलेल्या कृत्यांबद्दल फौजदारी खटल्यापासून मोठे संरक्षण दिले. ते वाचताना १९७५ चे आपले ते अर्धवट राहिलेले विधेयक आठवले.

राजहऱ्यात मात्र गोळीबाराची आठवण वेगळ्या रीतीने जपली गेली. मजुरांनी वर्गणी काढली, पाळी संपल्यावर स्वतःच विटा वाहिल्या, आणि ३ जून १९८३ रोजी, अनुसूयाबाई आणि तिच्या सोबत्यांच्या मृत्यूला सहा वर्षे होत असताना, १५ खाटांचे शहीद हॉस्पिटल सुरू झाले. उद्घाटनाला दिल्लीहून कोणाला बोलावले नव्हते. दरवाजा उघडला तो एका म्हाताऱ्या खाणमजुराने आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने.